कडीचे व्हिडिओ आणि लेकीचा नाच

ताई,
लग्नाला बारा वर्षं झाली. हे पतसंस्थेत आहेत, शिस्तीचे. गेली तीन वर्षं झोपण्याआधी दाराची कडी आणि गॅसचं बटण पुन्हापुन्हा बघतात. मग मला विचारतात, "लावलीस ना? नक्की?" सकाळी निम्म्या वाटेतून परत येतात. उशिरामुळे दोनदा पगार कापला गेला. सासूबाई म्हणतात, तो पहिल्यापासूनच काटेकोर. मी कधीच चिडत नाही. हल्ली कडी लावतानाचा व्हिडिओच त्यांना पाठवते, म्हणजे बरं वाटतं. फोन भरला म्हणून परवा लेकीच्या गॅदरिंगचे वगैरे जुने व्हिडिओ काढून टाकले. ही सवय म्हणायची की आजार? डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणतात, "मला वेड लागलंय का?"
– एक वाचक, सातारा

अगं,
तुझं पत्र मी 'वगैरे'पाशी थांबून पुन्हा वाचलं. लेक स्टेजवर नाचली, तू खुर्च्यांच्या मागे उभी राहून फोन धरलास, आणि ते उडवून तिथे काय ठेवलंस? कडी. सोमवारची कडी, मंगळवारची कडी. कधी चिडत नाहीस हे तू कौतुकाने लिहिलं असशील, मला मात्र ते वाचून राग आला.

काटेकोर माणूस कडी एकदा बघतो आणि घोरायला लागतो. तुझ्या नवऱ्याला कडी लागलेली दिसते, तरी खात्री पटत नाही. नको असलेला विचार घुसतो, तो वेडगळ आहे हे बहुधा त्यालाही कळतं, पण तपासल्याशिवाय जीव थाऱ्यावर येत नाही. आपल्याकडे याला मंत्रचळ म्हणतात, डॉक्टर ओसीडी म्हणतात. शिक्का मारणं माझं काम नाही, पण रोजचा तासभर यात जात असेल किंवा पगार कापला जात असेल, तर सवय म्हणून सोडून देऊ नये. आणि वेड म्हणशील, तर तेही हे नव्हे.

आता तुझा व्हिडिओ. तो बघितला की त्याची धडधड थांबते. मेंदू एवढंच शिकतो की सुटका तपासण्यामुळे झाली, म्हणून उद्या पुन्हा तपासायला लावतो. तुझं प्रेमाचं "हो हो, लावली" हा त्या आजाराचा रोजचा रतीब आहे, आणि तो तू घालतेस.

१९६६ साली व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने लंडनच्या रुग्णालयातला एक उपचार प्रसिद्ध केला. सतत धुण्यापुसण्यात अडकलेल्या एका बाईच्या खोलीतला नळच बंद केला होता. धुवायचं नाही, अस्वस्थता सोसायची, ती आपोआप उतरते हे अनुभवायचं. आजची थेरपी याच वाटेने जाते, फक्त रुग्णाच्या संमतीने आणि पायरीपायरीने. जोडीला गोळ्याही देतात. नैराश्यात त्यांचा गुण चार-सहा आठवड्यांत दिसू लागतो, इथे दहा-बारा लागू शकतात आणि डोसही बहुधा जास्त लागतो. म्हणून पंधरा दिवसांत "काही फरक नाही" म्हणत तुम्ही दोघं परस्पर बंद करू नका. (सासूबाईंना तर डोस सांगूच नकोस.)

या आठवड्यात त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे ने. "वेड लागलंय का" म्हणाला की वाद घालू नकोस. "तुमची रात्रीची झोप मोडते आणि माझीही, दोघं जाऊ" एवढंच म्हण. कुठे जायचं कळेना तर टेलिमानसच्या १४४१६ ला फोन लाव, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि तिथे खुर्चीवर बसलीस की पहिलं वाक्य तुझं असू दे: "डॉक्टर, मी रोज व्हिडिओ काढून देते." लाजून हे गाळशील, म्हणून आधीच सांगते. व्हिडिओ गुपचूप बंद करू नकोस, तो बिचारा रात्रभर तळमळेल. कधीपासून आणि कसे कमी करायचे, हे त्याच्यासमोर ठरू दे. मग रात्री प्रश्न आला तर म्हणायचं, "याचं उत्तर मी देणार नाही, तुमच्याजवळ बसते." आणि खरंच बसायचं, फोन लांब ठेवून.

लेकीच्या नाचाचं आजच बघ. आधी फोनमधलं डिलीट झालेल्यांचं फोल्डर उघड, बऱ्याच फोनमध्ये महिनाभर राहतं. तिथे नसेल तर वर्गातल्या आयांच्या ग्रुपवर विचार, कुणीतरी काढलेला असेलच.