‘पडणारच’ म्हणणाऱ्यांना एकदा विचारा, पडलात कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी नोकरी, साडेतीनशे सीसीची गाडी बुक केलेली, रोज सुदामानगर ते विजयनगर, आणि सुट्टीच्या दिवशी घाटातलं जामगेट नाहीतर मांडू. मित्र म्हणतात, गाडीवाले दोनच प्रकारचे, पडलेले आणि पडायचे राहिलेले. आई म्हणते, असं आहे तर घेतोस कशाला? आणि तुम्ही विचारताय, पडणं खरंच अटळ आहे का.

मी २००३ पासून इंदूरात दुचाकी चालवतोय. तीनदा पडलो. तिन्ही सांगतो, कारण तुमचे मित्र ‘पडणारच’ म्हणतात ते खरं, पण कसे पडलात विचारलं की ‘अचानक समोर आला ना यार’ यापुढे गाडी सरकत नाही. मीही पुष्कळ वर्षं तेच म्हणायचो.

पहिलं पडणं मोजूच नका. चौराह्यावर थांबलो, पाय नेमका गिट्टीवर पडला, गाडी हळूच आडवी झाली. आरसा तुटला आणि मागच्या टेम्पोवाल्याची करमणूक झाली. जड गाडी घेताय, हे तुमच्याही वाट्याला येईल. याला अपघात म्हणत नाहीत.

दुसरं जूनच्या पहिल्या पावसात, भंवरकुआच्या पुढे. उन्हाळाभर रस्त्यात मुरलेलं ऑइल आणि धूळ पहिल्या सरीत वर येते, रस्ता साबणासारखा होतो. पुढे रिक्षा थांबली, मी पुढचा ब्रेक कचकन दाबला, चाक लॉक, मी खाली. टायर गुळगुळीत झालेलं होतं, आणि हे मला महिनाभर माहीत होतं. यात नशिबाचा भाग किती ते तुम्हीच ठरवा.

तिसरं मात्र नीट ऐका. एबी रोड, संध्याकाळ, माझा वेग साठच्या आसपास. समोरून येणारी कार उजवीकडे वळण्यासाठी थांबलेली. मला ती दिसत होती, म्हणून मी गृहीत धरलं की तिलाही मी दिसतोय. ती वळली. कॉलरबोन मोडलं, हेल्मेट हनुवटीच्या जागी घासून निघालं. ड्रायव्हर पुन्हा पुन्हा म्हणत होता, ‘साहेब, दिसलाच नाहीत.’ कित्येक वर्षं मी त्याला खोटारडा समजत होतो. आता नाही समजत. समोरून येणारी दुचाकी म्हणजे एक बारीक उभी रेघ. ती किती वेगात जवळ येतेय हे डोळ्याला उमगत नाही. शिवाय कारच्या काचेशेजारचा खांब अख्खी दुचाकी गिळू शकतो.

पण मग चूक त्याचीच ना? हक्काने माझाच रस्ता होता, मान्य. आता हिशोब बघा. साठच्या वेगात मेंदूला कळून हात हलायला एक सेकंद धरला तर साधारण १७ मीटर तिथेच जातात, आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लावला तरी आणखी २३. म्हणजे चाळीस. पंचेचाळीसच्या वेगात हीच बेरीज सव्वीसच्या आत येते. कार माझ्यापासून अंदाजे तीस मीटरवर होती. मी नुसता ॲक्सिलरेटर सोडून दोन बोटं ब्रेकवर ठेवली असती तर आज हा किस्सा सांगायला उरला नसता, शिवी देऊन पुढे गेलो असतो.

अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या चमूने लॉस एंजेलिसमधल्या ९०० मोटरसायकल अपघातांच्या जागेवर जाऊन तपास केला होता, अहवाल १९८१चा. जुना आहे, देश वेगळा आहे, तरी वाचताना मला आपलाच एबी रोड दिसत होता. सुमारे तीन चतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी टक्कर होऊन झालेले, आणि त्यांतल्या दोन तृतीयांशांत समोरच्याने दुचाकीचा रस्ता कापलेला. निम्म्या गाड्या अपघाताच्या आधी ताशी ४८ किलोमीटरहून कमी वेगात होत्या. चालवणाऱ्याच्या हातात दोन सेकंदांहूनही कमी वेळ. आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे निम्म्याहून अधिक लोकांना त्या विशिष्ट गाडीवर पाच महिनेसुद्धा झालेले नव्हते. तेव्हा पहिले सहा महिने ही गाडी फक्त विजयनगरला न्या. घाट कुठे पळून जात नाही. जामगेट १७९१ पासून तिथेच उभं आहे.

रस्त्यात मी आता एकच गोष्ट करतो: मी कुणालाच दिसत नाही असं समजून चालवतो. ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघत नाही, कारच्या पुढच्या चाकाकडे बघतो. तोंड खोटं बोलतं, चाक नाही. उभी रिक्षा म्हणजे दार उघडणार, थांबलेली बस म्हणजे तिच्या पुढून माणूस येणार. सुरुवातीला थकायला होतं, मग सवय लागते.

ब्रेकचं सांगतो. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे, म्हणजे तुमच्या गाडीला असणारच. पण बहुतेकांनी ब्रेक आयुष्यात एकदाही पूर्ण दाबलेला नसतो. लिव्हर हातात थरथरला की घाबरून सोडून देतात. पुढच्या ब्रेकला घाबरू नका, थांबवण्याचं मुख्य काम तोच करतो. फक्त झडप घालायची नाही, लिंबू पिळल्यासारखा वाढवत न्यायचा.

घाटात आणखी एक गंमत होते. डोळे जिथे चिकटतात तिथेच गाडी जाते. वळणावर समोर ट्रक आला आणि तुम्ही ट्रककडेच बघत राहिलात तर ट्रकवरच जाल. वळण जिथे संपतं तिथे बघा. पावसाळ्यात जामगेटला धुकं आणि मधोमध उभे सेल्फीवाले, दोन्ही असतात. धुकं निदान हटतं तरी.

आता राहिलेला भाग. सिग्नलला उभे असताना मागून कुणी ठोकलं, रात्री बायपासवर गाय आडवी आली, याला माझ्याकडे फार उत्तर नाही. हे कमी होतं, शून्य होत नाही. ज्याला शून्यच हवं आहे त्याने गाडी घेऊ नये. टोमणा नाही, खरंच सांगतोय.

या उरलेल्यासाठीच हेल्मेट. फुल-फेस, आयएसआय मार्क, पट्टा लावलेला. एकदा आपटलं की बाहेरून ठीक दिसलं तरी बदलायचं, आतला थर्मोकोल एकदाच दबतो. मागच्या वर्षी, २०२५च्या ऑगस्टात, आपल्याकडे हेल्मेटशिवाय पेट्रोल बंद झालं तेव्हा एका दूधवाल्याने कॅनचं झाकण डोक्यावर ठेवून पेट्रोल भरून घेतलं होतं, आठवतंय ना? अख्खं शहर हसलं, मीही हसलो. पण रस्त्याच्या कडेला दीडशे रुपयांना जे मिळतं ते झाकणाहून फार वेगळं नसतं.

आणि आईला मागे बसवणार असाल तर दुसरं हेल्मेट आधी, गाडीची डिलिव्हरी नंतर. २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण दुचाकीच्या अपघातांत दगावले, त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. आईंना पटवायचं माझ्या हातात नाही. पण गाडी आली की एखाद्या रविवारी सकाळी सातला राजेंद्रनगरला या, आमच्या मागचं मैदान तेव्हा रिकामं असतं. तीसच्या वेगात वीस-पंचवीस वेळा पूर्ण ब्रेक लावून बघू. आईंनाही आणा. पोहे माझ्याकडे.