स्पिटफायर ८० टक्के, वैमानिक १०० टक्के

दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या उडत्या प्रतिकृतींबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न इथे घेतले आहेत. रिमोटवरची मॉडेलं यात नाहीत. आत बसून उडवायच्या विमानांबद्दलच हे सगळं आहे.

प्रश्न : किटच्या माहितीपत्रकात ‘८० टक्के मापाची स्पिटफायर’ असं असतं. म्हणजे पंख, वजन, वेग, सगळंच ८० टक्के का? आणि एवढा खटाटोप करायचाच तर पूर्ण मापाची का बांधत नाहीत? (नाशिक)

८० टक्के होते ती फक्त लांबी. क्षेत्रफळ वर्गाने घटतं, म्हणजे ६४ टक्के उरतं आणि घनफळ घनाने, म्हणजे जेमतेम ५१ टक्के. मूळ स्पिटफायरचा पंखविस्तार ११.२३ मीटर आणि पंखांचं क्षेत्रफळ साधारण २२.५ चौरस मीटर. ८० टक्क्यांत विस्तार ९ मीटरच्या आत येतो आणि क्षेत्रफळ १४.४. भरलेलं मूळ विमान तीन टनांच्या आसपास होतं, त्यामुळे घनाच्या हिशेबाने प्रतिकृती दीड टनाची व्हायला हवी. पण तोफा, चिलखत आणि मूळचं जड मर्लिन इंजिन नसल्याने ती आठशे किलोंच्या आसपास बसवता येते. मग दर चौरस मीटर पंखावर मुळात १३० किलोंचा भार होता, तो ५५वर येतो. प्रतिकृती मुळापेक्षा सावकाश उतरते ती यामुळे. हा फायदा वजनातूनच येतो आणि बांधताना वाढलेला प्रत्येक किलो तो खातो.

माणूस मात्र ८० टक्के होत नाही. म्हणून कॉकपिट जवळजवळ मूळ मापाचं ठेवून बाकीचं धड त्याभोवती आखावं लागतं. काचेचा घुमट जरा फुगीर दिसतो त्याचं कारण हेच. जॉन आयझॅक्स यांची १९७५ साली उडालेली लाकडी स्पिटफायर तर ६० टक्क्यांचीच, एका माणसाची आणि १०० अश्वशक्तीच्या कॉन्टिनेंटल इंजिनाची होती.

पूर्ण मापाची बांधणारेही आहेत. अडतं ते इंजिनापाशी. २७ लिटरचं मर्लिन मिळवणं आणि जपणं हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे. जर्मनीतल्या फ्लुगवेर्कने पूर्ण मापाची फॉके-वुल्फ १९० बनवली तेव्हा बीएमडब्ल्यू इंजिनाच्या जागी मूळ रशियन रचनेचं, चीनमध्ये तयार झालेलं १४ सिलिंडरचं इंजिन बसवलं. अमेरिकेत २००२ साली उडालेल्या नव्या मेसरश्मिट २६२मध्येही मूळच्या जुमो इंजिनांऐवजी जनरल इलेक्ट्रिकची सीजे-६१० जेट इंजिनं होती.

प्रश्न : अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर रिव्हेट मारायचा सराव करतो आहे. काही रिव्हेट वाकतात, काहींच्या भोवती पत्रा फुगतो. लांबी किती घ्यायची? (कोल्हापूर)

दोन्ही पत्र्यांची एकूण जाडी, अधिक रिव्हेटच्या व्यासाची दीडपट. ०.८ मिमीचे दोन पत्रे आणि ३.२ मिमीचा (१/८ इंची) रिव्हेट असेल तर १.६ अधिक ४.८, म्हणजे ६.४ मिमी. ठोकल्यावर आतल्या बाजूचं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्म्या उंचीचं व्हायला हवं. इथे ते ४.८ रुंद आणि १.६ उंच असेल. लांब रिव्हेट वाकतो, आखूड घेतला तर डोकंच धड तयार होत नाही.

भोक ३० नंबरच्या ड्रिलने पाडा, ते ३.२६ मिमीचं असतं. ३.५चं भोक पाडलंत तर रिव्हेट आतच आडवा पसरतो. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत व्यासाच्या दुप्पट अंतर सोडा, नाहीतर कड फाटते. भोकं दोन्ही पत्रे एकत्र धरून पाडायची, मग ते सुटे करून प्रत्येक भोकाची बुर (कडेला उरलेली खरखरीत धार) काढायची, प्रायमर लावायचा आणि क्लेको (पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या पिना) लावून परत आवळायचे. पत्रा फुगतो तो बहुतेक बुर राहिल्याने किंवा क्लेको फार लांब लांब लावल्याने, कारण पत्र्यांमध्ये फट राहते आणि रिव्हेट त्या फटीत पसरतो. चुकलेला रिव्हेट काढताना डोक्यात ड्रिल मारा, पण पत्र्यापर्यंत जाऊ नका. उरलेलं डोकं पंचने उडवा.

उड्डाणं सुरू झाल्यावर एखाद्या रिव्हेटभोवती काळी रेघ दिसली तर पुसून पुढे जाऊ नका. सैल रिव्हेट हलून अॅल्युमिनियमची भुकटी होते, ती रेघ म्हणजे तीच भुकटी.

प्रश्न : स्पिटफायरचं नाक इतकं लांब आहे, तरी बांधणारे ‘शेपूट जड झाली’ म्हणून रडतात. असं का? (पुणे)

कारण ते नाक मर्लिनसाठी होतं. मर्लिनचं वजन प्रकारानुसार साडेसहाशे-साडेसातशे किलोंच्या घरातलं. त्याच्या जागी कारवरून घेतलेलं व्ही-६ किंवा जबिरू कंपनीचं आठ सिलिंडरचं इंजिन आलं की पुढचा भार घटतो आणि वैमानिक मात्र पंखाच्या मागच्या भागावरच बसतो.

हिशेब करून पाहा. विमान उड्डाणाच्या पातळीत धरून तीन वजनकाट्यांवर ठेवायचं आणि अंतरं पंखाच्या पुढच्या कडेपासून मोजायची. समजा, मुख्य चाकं १५० मिमी मागे आहेत आणि त्यांवर मिळून ४७६ किलो भरतात. शेपटीचं चाक ४६५० मिमीवर, तिथे ३४ किलो. मोमेंटची (वजन गुणिले अंतर) बेरीज २,२९,५००, तिला ५१० किलोंनी भागलं की गुरुत्वमध्य ४५० मिमीवर येतो. पंखाची सरासरी रुंदी १६०० मिमी धरली तर हे २८ टक्के झाले. ठीक वाटतं. आता ८५ किलोंचा वैमानिक १००० मिमीवर बसवा. गुरुत्वमध्य सरकून ५२९ मिमीवर, म्हणजे ३३ टक्क्यांवर जातो. आराखड्यातली मागची मर्यादा ३० टक्के असेल तर हे विमान उडवायचं नाही. मग सीटमागे २५०० मिमीवर ठेवलेली १० किलोंची बॅटरी काढून फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिट यांमधल्या आगरोधक भिंतीच्या) पुढे, कडेच्या ६०० मिमी पुढे न्या. मोमेंट ३१,०००ने घटतो आणि गुरुत्वमध्य ४७६ मिमीवर, ३० टक्क्यांच्या किंचित आत येतो. शिसं न घालता काम झालं.

म्हणून इंजिनाचा माउंट वेल्ड करण्याआधी एकदा सगळं तात्पुरतं जागेवर टांगून वजन करा. माउंट १०० मिमी लांब करणं त्या टप्प्यावर स्वस्त पडतं. इंधनाची टाकी गुरुत्वमध्याच्या पुढे असेल तर टाकी रिकामी असतानाचा हिशेबही वेगळा करायचा, कारण उतरताना विमान तसंच असतं.

प्रश्न : मस्टँगच्या प्रतिकृतीत कारचं इंजिन आहे. पोटाखाली रेडिएटर मोठा बसवूनही वर चढताना पाणी तापतं. आणखी मोठा बसवावा का? (ह्यूस्टन, अमेरिका)

आधी हवा रेडिएटरमधून जाते का ते बघा. तिला कडेने वाट मिळाली तर ती तिकडूनच निघून जाते. रेडिएटर आणि डक्ट (त्याच्याकडे हवा नेणारा बोगदा) यांमधली बोटभर फटही पुष्कळ होते, ती रबराच्या पट्टीने पूर्ण बुजवा.

दुसरं म्हणजे पोटाला चिकटून येणारी हवा आधीच मंदावलेली असते. मूळ मस्टँगच्या डक्टचं तोंड पोटापासून थोडं खाली सोडलेलं आहे ते याचसाठी. पुष्कळ प्रतिकृतींत दिसायला नीटस म्हणून ही फट बुजवतात आणि तिथेच घोळ होतो. तोंडापासून रेडिएटरपर्यंत डक्ट हळूहळू रुंद व्हायला हवा, म्हणजे हवेचा वेग कमी होऊन दाब वाढतो. एकदम रुंद केला तर हवा भिंत सोडते आणि निम्मा रेडिएटर कोरडाच राहतो.

मोजायला महागडं काही लागत नाही. यू आकाराची पारदर्शक नळी घ्या, तिच्यात रंगीत पाणी भरा आणि रेडिएटरच्या पुढे-मागे एकेक टोक सोडा. समुद्रसपाटीजवळ ताशी १५० किमी वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा पूर्ण दाब पाण्याच्या सुमारे १०६ मिमी इतका असतो. पुढे-मागे मिळून ३० मिमीच फरक दिसला तर दोष डक्टचा आहे, रेडिएटरचा नाही. मागची झडप उघडल्यावर फरक वाढत नसेल तर झडपेची जागा चुकली आहे.

जमिनीवर तापणं हा वेगळा विषय. मूळ स्पिटफायरही टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चाकांवर फिरताना तापायची, कारण खाली सोडलेला चाकाचा पाय रेडिएटरपुढे यायचा. विजेचा पंखा लावा आणि इंजिनाची चाचणी वाऱ्याकडे तोंड करून घ्या.

प्रश्न : शेपटीवर चाक असलेलं विमान आयुष्यात चालवलेलं नाही. प्रतिकृतीवरच शिकता येईल का? (ठाणे)

नको. दोन कंट्रोल असलेल्या साध्या टेलड्रॅगरवर आधी शिका, आडव्या वाऱ्यातही. यात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, त्यामुळे नाक जरा वळलं की शेपूट त्याला आणखी वळवते. स्पिटफायरचे पाय जवळजवळ, मूळ विमानात १.७४ मीटरवर आणि ८० टक्क्यांत १.४ मीटरच्या आत. बाहेरचा पंख टेकायला वेळ लागत नाही. मस्टँगचे पाय बरेच फाकलेले, तिथे जरा माफी मिळते.

प्रोपेलर कॉकपिटमधून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर नाक डावीकडे ओढलं जातं, म्हणून उजवा रडर (शेपटीवरचं पायाने चालवायचं उभं सुकाणू). शेपूट झटक्यात उचललीत तर ओढ आणखी वाढते. थ्रॉटल पाच-सहा सेकंदांत सावकाश द्या. ग्रिफन इंजिनाच्या मूळ स्पिटफायरमध्ये प्रोपेलर उलटा फिरायचा आणि मर्लिनवर सरावलेला पाय चुकीचा पडायचा.

प्रश्न : भारतात बांधून उडवता येईल का? (अकोला)

घरी विमान बांधायला बंदी नाही. उडवायला डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी, दोन्ही लागतात. अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान २०१६ला लोकांनी पाहिलं, नोंदणी २०१७ला झाली आणि परवानगी मिळायला २०१९ उजाडलं. पहिला रिव्हेट मारण्याआधी पत्रव्यवहार सुरू करा आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो व सामानाची बिलं ठेवा. अमेरिकेत निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी केल्याचं दाखवावं लागतं, तिथेही हीच फाइल कामी येते.

प्रश्न : नॉर्मंडीच्या चढाईच्या वेळचे काळे-पांढरे पट्टे किती रुंद काढावेत? (पणजी)

एका इंजिनाच्या विमानांवर प्रत्येक पट्टा १८ इंच, तीन पांढरे आणि मध्ये दोन काळे. ८० टक्क्यांत १४.४ इंच धरा. ते जून १९४४मध्ये घाईने रंगवले होते, कडा फार नेटक्या केल्या तर उलट खोटे दिसतात. रंग एलेरॉनवर (पंखाची हलती पट्टी) किंवा एलिव्हेटरवर (शेपटीची आडवी हलती पट्टी) चढला असेल तर तो भाग काढून बिजागरीवर पुन्हा तोलून पाहा. मागच्या कडेला चढलेल्या रंगाने तोल बिघडतो आणि वेग वाढल्यावर ते फडफडायला लागतात.