परदेशात शिकायला गेल्यावर खेळणं आणि सामने बघणं जमतं का?

जमतं की! पद्धत मात्र देशागणिक वेगळी.

ब्रिटनमध्ये बऱ्याच विद्यापीठांत बुधवारी दुपारी तास ठेवत नाहीत. ती वेळ खेळाची, आंतरविद्यापीठ सामनेही तेव्हाच होतात. वर्षाच्या सुरुवातीला क्लबांचे स्टॉल लागतात, तिथे 'मला नीट येत नाही' म्हणून मागे सरू नका. नवशिक्यांना घेणारे क्लब भरपूर असतात.

अमेरिकेत 'व्हर्सिटी' म्हणजे विद्यापीठाच्या अधिकृत संघाच्या वाटेला जाऊ नका, तिथली मुलं शाळेपासून हेरून आणलेली असतात. 'इंट्राम्युरल' शोधा, म्हणजे विद्यापीठातल्या विद्यापीठात होणारे हौशी सामने. वसतिगृहातली, प्रयोगशाळेतली पोरं संघ करतात, संध्याकाळी खेळतात आणि हरली तरी हसत घरी जातात. ओळखी व्हायला याहून सोपी जागा नाही.

बघायचंच असेल, तर माझं मत जर्मनीला. तिथल्या डॉर्टमुंड शहरातल्या फुटबॉल मैदानाच्या दक्षिण बाजूला जवळपास 25,000 लोक उभ्याने सामना बघतात. उभ्याचं तिकीट बसण्याच्या तिकिटापेक्षा बरंच स्वस्त, पण मोठ्या क्लबचं हाती लागणं कठीण. म्हणून खालच्या लीगचे सामने बघा, गर्दी कमी आणि खेळ अगदी जवळून दिसतो.

एक सांगून ठेवतो. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर व्यावसायिक खेळाडू किंवा कोच म्हणून काम करता येत नाही. स्थानिक क्रिकेट क्लबने 'आमच्या मुलांना शिकव, पैसे देतो' म्हटलं, तर हो म्हणण्याआधी विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागाराला विचारा. आणि विम्यात खेळताना झालेली दुखापत धरली आहे का, तेही बघून घ्या.