आधी नंबर, मग मॅन्युअल

अरे, त्या जुन्या छोट्या पेट्रोल इंजिनाचं मॅन्युअल नुसतं कंपनीच्या नावाने, 'जुनं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन' म्हणून शोधलंस तर हाती काही लागणार नाही. इंजिनाच्या ब्लोअरच्या, म्हणजे थंड हवेच्या पंख्याच्या, पत्र्यावरचा काळा थर रॉकेलच्या फडक्याने पूस. खाली मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन नंबर ठोकलेले दिसतील. कोडची सुरुवात ८४०६१२ असेल तर इंजिन १२ जून १९८४ चं. मी एकदा फक्त मॉडेल बघून गॅस्केट (दोन भागांमधलं पातळ पॅकिंग) मागवलं. एक भोक काही जुळेना!

ओनर्स मॅन्युअलवर वेळ घालवू नकोस, सर्व्हिस मॅन्युअल आणि सुट्या भागांचा नकाशा शोध. कार्ब्युरेटर थेट टाकीवर बसलेला असेल तर सर्व्हिस मॅन्युअलमधलं पल्सा-जेट किंवा व्हॅक्यू-जेट या कार्ब्युरेटरांचं प्रकरण काढ. या कार्ब्युरेटरांत फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) नसतोच. पल्सा-जेटचा डायफ्रॅम (पेट्रोल खेचणारा पातळ पडदा) कडक झाला असेल, तर आधी तो बदल.