दहा पानं आजपासून बंद

प्रश्न : आम्ही कळव्याला राहतो. मुलगा बारावी सायन्सला. गणपतीत त्याला लागोपाठ फिट्स आल्या, गोळ्या चालू आहेत. दोन महिने झाले, बोलतो-वाचतो नीट, पण लिहायला बसला की अक्षरं मागेपुढे होतात, स्वतःचं नावही चुकतं. हात ठणठणीत आहे, म्हणजे आळसच. रोज रात्री एकपर्यंत दहा पानं लिहून घेतो. कॉलेजला काही कळवलेलं नाही. इंजिनीअरिंगची सीईटी निघेल ना? की लॅपटॉप घेऊन देऊ?

उत्तर : सीईटी संगणकावर असते, पर्याय क्लिक करायचे असतात. तो विषय इथेच ठेवू. मला काळजी वाटली ती 'रात्री एकपर्यंत' वाचून. ज्याला फिट्स येतात त्याला जागवणं म्हणजे पुढच्या फिटला आवतण देणं. ती दहा पानं आजपासून बंद.

'हात ठणठणीत, म्हणजे आळस' हे साफ चूक आहे. लिहिणं हाताच्या आधी मेंदूत होतं. शब्दातली अक्षरं ओळीने लावायची, मग बोटांना वळणं सांगायची, ही कामं बहुतेकांच्या मेंदूत डावी बाजू करते. झटक्यांनी नेमकी तीच विस्कटली तर बोलणं-वाचणं शाबूत राहून फक्त लिहिणं जाऊ शकतं. त्याला अ‍ॅग्राफिया म्हणतात. कधी अंग न हलता झटके आतल्या आत चालू असतात, ते ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीत, सापडू शकतात. लिहिता येत नाही हे न्यूरोलॉजिस्टना सांगितलंत का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. याच आठवड्यात सांगा.

लॅपटॉपची घाई नको. अक्षरांचा क्रमच बिघडला असेल तर तो कीबोर्डवरही बिघडेल. आधी स्पीच थेरपिस्टकडून त्याचं लिहिणं तपासून घ्या.

बोर्डाच्या पेपरला लेखनिक मागता येतो, तो फक्त अंधांसाठी नसतो. लिहिताना हात आखडणाऱ्या एका यूपीएससी उमेदवाराला ४० टक्के अपंगत्वाची अट न लावता लेखनिक द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितलं. पण तुमचा अर्ज वाशीच्या विभागीय मंडळाकडे जाणार तो कॉलेजमार्फत, वैद्यकीय प्रमाणपत्रासह. कॉलेजपासून लपवून कसं चालेल? फिट येणं म्हणजे काही चोरी नाही.

इंजिनीअरिंगचं आत्ता मी काहीच सांगणार नाही. अख्ख्या पत्रात मुलाचं स्वतःचं एक वाक्य नाही, आणि बोलता तर त्याला नीट येतं. पुढचं पत्र त्याचं येऊ द्या. तो सांगेल, तुम्ही लिहून घ्या.