कामठीत जन्मलेल्या पणजोबांच्या आई-वडिलांची नावं चर्चच्या आणि जनगणनेच्या नोंदींतून सापडतील का?

तुम्ही लिहिलंय की पणजोबा 1890च्या आसपास नागपूरजवळच्या कामठीत जन्मले, ख्रिस्ती होते, आणि इंग्लंडमधला तुमचा मित्र म्हणतो की जनगणनेचे कागद बघ. मित्राचं त्याच्या देशापुरतं बरोबर आहे. तिकडे 1921चे घरोघरचे तक्ते शंभर वर्षांनी, 2022 साली खुले झाले. कोण कुणाचा मुलगा ते त्यात नावानिशी दिसतं. आपल्याकडे 1881पासून दर दहा वर्षांनी शिरगणती झाली, पण तुमच्या-माझ्या हाती लागतात ते नुसते आकडे. जिल्ह्यात ख्रिस्ती किती होते ते कळेल, पणजोबा कुणाचे ते नाही. शिवाय 1948च्या जनगणना कायद्याने माणसागणिक नोंद बघायला मनाईच आहे. तो नाद सोडा.

राहिलं चर्चचं रजिस्टर. त्यात आधी पंथ पक्का करा, नाहीतर नुसते हेलपाटे होतात. कॅथलिक असतील तर लक्षात ठेवा की नागपूरचं धर्मप्रांत 1887 साली झालं, त्याआधी हा सगळा मुलूख विशाखापट्टणमकडे होता. प्रॉटेस्टंट असतील तर, स्कॉटिश (म्हणजे प्रेस्बिटेरियन) मिशन इथे 1845 साली मिशनरी स्टीफन हिस्लॉपसाहेबांबरोबर आलं. अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्या 1970 साली सीएनआयमध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये, एक झाल्या, म्हणून आज फाटकावर सीएनआयची पाटी असली तरी मूळचं चर्च कुणाचं होतं ते पाळकसाहेबांना विचारून घ्या. आणखी एक गोम आहे. कामठीची छावणी तेव्हा मद्रासच्या फौजेची होती. तिथल्या पाद्र्यांच्या नोंदींच्या नकला मद्रासला जायच्या, म्हणून लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत त्या मद्रासच्या खंडांत सापडतात. लोक मुंबईचे नाहीतर बंगालचे चाळत बसतात. त्यात बहुतेक गोरे आणि अँग्लो-इंडियनच आहेत, तरी एकदा नजर टाकायला हरकत नाही.

आता मुद्द्याचं: बाप्तिस्म्यापासून सुरुवात करू नका, लग्नापासून करा. 1872च्या ख्रिस्ती विवाह कायद्यातल्या रजिस्टरच्या नमुन्यात वडिलांच्या नावाचा रकानाच आहे. मी उलटं केलं आणि आठ महिने घालवले. माझ्या पणजोबांची बाप्तिस्म्याची नोंद मिळाली तेव्हा काय आनंद! कसरीने चाळणी केलेलं पान, तांबूस पडलेली शाई, आणि आई-वडिलांच्या रकान्यात एक आडवी रेघ. ते मोठेपणी ख्रिस्ती झालेले, जुनं नाव सोडून दिलेलं, पाद्र्याने बाप विचारलाच नसावा. फक्त वयापुढे काटोलकडच्या एका गावाचं नाव होतं. लग्नाच्या नोंदीत मात्र वडिलांचं नाव निघालं, इंग्रजीत, असं वेडंवाकडं की मोठ्याने वाचल्यावरच उमगलं. आडनावाचं तर प्रत्येक रजिस्टरात वेगळं स्पेलिंग. तेव्हा डोळ्यांनी नका शोधू, कानांनी शोधा. पणजोबांची भावंडं आणि लग्नाचे साक्षीदारही वहीत टिपून ठेवा. साक्षीदार पुष्कळदा मेहुणा किंवा चुलत भाऊ निघतो.

गाव कळलं की चर्च सोडून तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जा आणि त्या गावचं कोतवाल बुक मागा. जातपडताळणीसाठी धावपळ केलेल्या कुठल्याही घरात हा शब्द माहीत असतो. गावात कोण जन्मलं, कोण मेलं हे कोतवाल लिहायचा. बाळाचं नाव मात्र शोधू नका, बारशाआधीच नोंद झालेली असायची. बापाचं नाव, जात, 'मुलगा' आणि तारीख, एवढंच. म्हणूनच बापाचं नाव आधी हाती हवं. काही पानं मोडीत असतात, वाचणारा सोबत न्या. अर्ज देऊन नक्कल काढा, मोबाइलच्या फोटोवर विसंबू नका. मला आमच्या बाबतीत एकाच बापाच्या दोन मुलांच्या नोंदी सापडल्या, त्यातली धाकट्याची तारीख पणजोबांच्या वयाशी जुळली.

आईचं नाव कोतवालाने लिहिलेलंच नव्हतं. ते मिळालं अगदी भलतीकडे, दफनाच्या रजिस्टरात. म्हातारपणी तीही मुलाकडे येऊन मंडळीत सामील झाली होती. वय अंदाजे साठ, विधवा, आणि पुढे पणजोबांचं नाव लिहून 'यांची आई'.