टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटरीला बाईकचं २टी ऑइल चालेल का? कुठलं ऑइल घ्यावं आणि किती घालावं?

तुम्ही लिहिलंय की फायबरच्या होडीसाठी ४० अश्वशक्तीची जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड घेतली आहे, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून कसायची आणि पेट्रोलसोबत ऑइलही जाळणारी मोटर. दुकानदार म्हणतो, पंपावर मिळतं ते २टी, म्हणजे बाईकचं टू-स्ट्रोक ऑइल घाला. शेजारचे तांडेल, म्हणजे होडी चालवणारे, म्हणतात, जरा सढळ हाताने घाला म्हणजे मशीन टिकतं. मी मालवण किनाऱ्यावर आउटबोर्ड दुरुस्तीचंच काम करतो. माझ्या मते हे दोन्ही सल्ले ऐकू नका. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं ऑइल घ्या आणि मोटरीच्या पुस्तिकेत दिलंय तेवढंच घाला.

आता कारण सांगतो. ते कळलं नाही तर पुढच्या वेळी स्वस्त डबा बघून मन डळमळतंच.

यामाहा आरएक्स १०० बाईकचं किंवा जुन्या बजाज स्कूटरचं इंजिन हवेवर थंड होतं, म्हणजे ते चांगलंच तापतं. त्या तापात पिस्टन स्वच्छ राहावा म्हणून बाईकच्या २टी ऑइलमध्ये कॅल्शियमसारख्या धातूंची संयुगं घालतात. ती आपलं काम करतात, पण जळल्यावर मागे राख ठेवतात. आउटबोर्डचं तसं नाही. खालच्या पायातला, म्हणजे मोटरीच्या पाण्यात बुडणाऱ्या भागातला रबरी इंपेलर समुद्राचं पाणी खेचून सिलिंडरभोवती सतत फिरवत असतो, त्यामुळे ब्लॉक बाईकच्या मानाने थंडच राहतो. मात्र कामाचा भार बाईकपेक्षा कितीतरी जास्त. बाईकवाला गिअर बदलतो, सिग्नलला थांबतो, उतारावर थ्रॉटल सोडतो. देवबागहून पर्यटक घेऊन निघालेली होडी पूर्ण थ्रॉटलवर सलग धावते, आणि पंखा पाणी कापतोय तोवर इंजिनाला क्षणाची उसंत नसते.

अशा चालण्यात बाईकच्या ऑइलची राख पिस्टनच्या डोक्यावर आणि प्लगच्या टोकावर साचत जाते. पूर्ण थ्रॉटलवर हा थर लालबुंद होतो आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवतो. पिस्टन वर चढत असताना वरून स्फोट होतो. हे काही वेळ चाललं की पिस्टनला भोक पडतं. तसं झालेला पिस्टन हातात घेतलात तर कळेल. मधोमध वितळलेलं भोक, कडेला अ‍ॅल्युमिनियमचे ओघळ, आणि प्लग काढला तर त्यावर पांढुरकी-करडी खपली, कधी दोन टोकांमध्ये पूल बांधल्यासारखी अडकलेली. डब्यामागे वाचवलेले पैसे इथे अनेक पटींनी जातात. त्याहून वाईट म्हणजे हे किनाऱ्यावर होत नाही. बाहेर, पूर्ण वेगात असतानाच होतं, आणि होडीत माणसं असतात.

टीसी-डब्ल्यू३ हे अमेरिकेतल्या नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनचं, म्हणजे एनएमएमएचं मानक. हे ऑइल राखविरहित असतं. स्वच्छतेचं काम धातूंऐवजी सेंद्रिय रसायनांकडून करून घेतात. ते पेट्रोलमध्ये चटकन विरघळतं आणि त्याची गंजरोधक चाचणीही झालेली असते. खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या मशीनच्या क्रँकच्या बेअरिंगांना याची फार गरज असते. खरेदी करताना डबा फिरवून मागची बाजू वाचा. मान्यताप्राप्त ऑइलवर एनएमएमएचा नोंदणी क्रमांक छापलेला असतो आणि तो इंग्रजी आर-एल या अक्षरांनी सुरू होतो. नुसतं 'मरीन' लिहिलंय, होडीचं चित्र आहे, रंग निळा आहे, यावर जाऊ नका. रंग फक्त पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलंय हे दिसावं म्हणून घालतात. जासो या जपानी मानकाचे एफसी किंवा एफडी हे शिक्के चांगल्या ऑइलचेच आहेत, पण ते बाईकसाठी. उलटही तेवढंच खरं: टीसी-डब्ल्यू३ बाईकमध्ये घालू नका. आणि कारचं किंवा फोर-स्ट्रोकचं २०डब्ल्यू-४० तर टू-स्ट्रोकच्या टाकीजवळही आणू नका.

कंपनी कुठली, हा प्रश्न त्यानंतरचा. मोटर बनवणाऱ्या कंपनीचं ऑइल मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर नोंदणी असलेलं कुठलंही टीसी-डब्ल्यू३ चालतं. दोन कंपन्यांची टीसी-डब्ल्यू३ एकाच टाकीत मिसळली तरी बिघडत नाही. अर्धा डबा उरला म्हणून फेकू नका.

आता किती घालायचं. तुमच्या वर्गातल्या बहुतेक मोटरींना ५०:१ लागतं. म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिली आणि २४ लिटरच्या टाकीला ४८० मिली. इंजिन नवं असेल किंवा नुकतंच रीबोअर केलं (झिजलेला सिलिंडर आतून कापून मोठा केला) असेल तर सुरुवातीच्या तासांत २५:१, म्हणजे दुप्पट. यामाहा यासाठी पहिले दहा तास सांगते. काही मॉडेलांना १००:१ सांगितलेलं असतं. काहींना ऑइलची वेगळी टाकी असते, तिथे पेट्रोल साधंच भरायचं. म्हणून ऐकीव आकड्यावर जाऊ नका, पुस्तिकेतला आकडा माना.

जास्त घातलं की मशीन टिकतं हा समज किनाऱ्यावर फार खोल रुजलाय, म्हणून त्याबद्दल जरा सांगतो. जास्तीचं ऑइल जळत नाही. ते कार्बन होऊन रिंगांच्या खाचांत आणि एक्झॉस्टच्या छिद्रांत बसतं, रिंगा चिकटतात, कॉम्प्रेशन जातं. जाळी टाकताना किंवा ओढताना मशीन तासन्‌तास मंद चालतं, तेव्हा प्लग ओले होऊन काळे पडतात आणि नेमकं परतायच्या वेळी सुरू होत नाही. शिवाय टू-स्ट्रोकमध्ये मिश्रणाचा बराच भाग न जळताच एक्झॉस्टवाटे बाहेर पडतो, आणि आपला एक्झॉस्ट पाण्याखाली आहे. मालवणच्या समुद्रात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, खाली प्रवाळ आहे, आणि आपल्यापैकी कितीतरी घरं त्यावरच जेवतात. पाण्यावर तेलाचा तवंग ठेवून जाणारी होडी बघवत नाही मला.

मिसळताना आधी थोडं पेट्रोल, मग मोजून ऑइल, झाकण लावून चांगलं हलवा आणि मग उरलेलं पेट्रोल. ऑइल आधी ओतून वर पेट्रोल टाकलं तर ते तळाशी बसून राहू शकतं. माप दुकानातून आणा, पाण्याच्या बाटलीचं टोपण वापरू नका.

पेट्रोलकडेही लक्ष द्या. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि बऱ्याच आउटबोर्डांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांची मर्यादा आहे. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाशी बसतं. त्या थरात ऑइल विरघळत नाही, आणि पाइप नेमका तळातूनच खेचतो, म्हणजे इंजिन ऑइलशिवाय चालतं. मिसळलेलं पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नका, फिल्टरचा पेला वरचेवर रिकामा करा आणि जुन्या मोटरीचे रबरी पाइप बदलून घ्या.

१ जूनला मासेमारी बंद झाली की मशीन नुसतं झाकून ठेवू नका. गोड्या पाण्यावर चालवून आतलं मीठ धुवा, कार्ब्युरेटर रिकामा करा, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर टीसी-डब्ल्यू३ सोडा आणि दोरीने फ्लायव्हील हळू फिरवा. ऑगस्टमध्ये मशीन जाम झालं म्हणून येतात, त्यातली बरीचशी एवढ्याने वाचली असती.

खालच्या पायातलं गिअर ऑइल वेगळं असतं, त्यात यातलं काही घालू नका. तळाचा स्क्रू सैल करून बघा. ऑइल दुधाळ निघालं तर सील गेलंय, पाणी शिरतंय.

होडीला जिथे मोटर कसतात त्या ब्रॅकेटवर मॉडेल क्रमांकाची पट्टी असते. तो क्रमांक कमेंटमध्ये टाका, म्हणजे त्या मॉडेलचं प्रमाण नेमकं सांगतो.